धातूच्या पोटातलं

लातूरच्या एमआयडीसीत आमचा फोर्जिंगचा कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकीचा नाही. तिथं इतकी वर्षं गेली की तसं म्हणायची सवय लागली. तिथं टर्बाइनचे भाग घडवतात. साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळून वाफ करतात, त्या वाफेवर टर्बाइन फिरतं, आणि त्यातून वीज होते. त्या टर्बाइनची पाती, पाती ज्यात बसवतात त्या चकत्या, आणि चकत्या ज्याच्यावर बसतात तो जाडजूड दांडा, हे सगळं आमच्याकडे तयार होतं. असे भाग नुसते साच्यात ओतून भागत नाही. ओतलेल्या धातूत बुडबुडे राहतात, कण भरड राहतात, आणि इतक्या वेगानं फिरणाऱ्या चाकाला ते सोसत नाही. म्हणून धातूचा ठोकळा तापवायचा, प्रेसखाली दाबायचा, फिरवायचा, पुन्हा दाबायचा. कण बारीक होतात, आतल्या फटी मिटतात, आणि मग कुठं तो भाग टिकतो.

माझं काम घडवायचं नाही. घडवून झालेल्या भागाच्या आत चीर राहिली आहे का, पोकळी आहे का, ते मी बघते. धातूवर तेलाचा हात फिरवायचा, त्यावर काडेपेटीएवढा प्रोब टेकवायचा आणि पडद्यावरची रेघ बघत राहायचं. प्रोबमधून ध्वनी आत जातो, पलीकडच्या काठावर आपटून परत येतो आणि रेघ तिथं उसळते. मधेच कुठं उसळली, तर तिथं काहीतरी आहे असं समजायचं. तो ध्वनी माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. तरी आमच्या भाषेत आम्ही 'ऐकणं'च म्हणतो.

मी मूळची नांदेडची. वडील रेल्वेत होते, आता निवृत्त आहेत. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला आणि त्याबरोबर शिकायचं वेडही घेतलं, त्यामुळे मी धातूशास्त्र शिकायचं म्हटलं तेव्हा घरात कुणी अडवलं नाही. वडील शेजारीपाजारी सांगायचे, "पोरगी लोखंडाची डॉक्टर होऊन राहिली." आईला मात्र काळजी, की भट्टीजवळ काम करून पोरीचा रंग जाईल. मी तिला सांगायचे, भट्टी दुसऱ्या शेडमध्ये असते, माझ्या टेबलावर फक्त तेलाचे डाग.

माझ्या नवऱ्याची आणि माझी ओळख झाली ती मी त्यानं केलेला एक दांडा नाकारला म्हणून. तो प्रेस शॉपचा इंजिनियर, निलंग्याजवळच्या खेड्यातल्या शेतकरी घरातला. हेल्मेट काखेत मारून, घामानं निथळत माझ्या विभागात आला.

"मॅडम, हा पीस कुणी रिजेक्ट केला?"

"मी."

"वरून तर काचेवानी दिसून राहिला."

"वरून मी बघतच नाही."

तो हसला. मला वाटलं होतं भांडेल. त्याऐवजी त्यानं तो दांडा करवतीवर चढवला, कापून घेतला आणि तापवून तोडलेला तुकडा स्वतः घेऊन आला. तुटलेल्या पृष्ठावर चांदीच्या टिकल्यांसारखे बारीक ठिपके होते. हायड्रोजनच्या चिरा. पोलाद वितळलेलं असताना हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन त्यात शिरतो. घडवून झाल्यावर भाग भट्टीतच हळूहळू निववला तर तो निघून जातो. घाईनं निवला तर आतच अडकतो आणि दोन-चार दिवसांनी धातूला आतून फाडतो. त्या आठवड्यात वीज गेली होती आणि भट्टी थंड पडली होती. तो म्हणाला, "नाकारला ते बरं झालं. पण का नाकारला ते कळाल्याशिवाय मला झोप आली नसती." तो तसाच होता. बिघडलेला प्रत्येक पीस कापून बघायचा. मला तो आवडला तो यामुळेच.

मग आमचं बोलणं वाढलं. मी त्याला रेघ वाचायला शिकवली, त्यानं मला तापलेल्या धातूचे रंग शिकवले. पिकल्या संत्र्यासारखा रंग असताना पोलाद हवं तसं दबतं. पिवळसर पांढरं झालं तर जास्त झालं. लालभडक उतरून काळपट लाल व्हायला लागलं की थांबायचं, पुन्हा भट्टीत ढकलायचं. मापक यंत्रं होतीच, पण तो म्हणायचा, यंत्र आकडा सांगतं, रंग बघितला की धातूची भूक कळते. कँटीनच्या चहावर आमच्या गप्पा अशा असायच्या. दुसऱ्या कुणाला त्या प्रेमाच्या वाटल्या नसत्या.

लग्न आम्ही नांदेडला नोंदणी पद्धतीनं केलं. माझे आईवडील आले. त्याची आई पूर्वीच वारली होती. वडील आले नाहीत. त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं होतं, "तू कवाबी ये. तिला आणू नको." तो पेरणीला, सुगीला एकटा जायचा. परत येताना तुरीची डाळ, ज्वारी, शेंगा घेऊन यायचा. मी पिशवी उघडून बघायचे. डाळ नेहमी दोघांना पुरेल एवढी असायची. तो म्हणायचा, "अण्णा तोंडानं काही बोलत न्हाईत, पण माप बघ." मी मापाकडे बघायचे आणि डाळ डब्यात भरायचे.

बरीच वर्षं मूल झालं नाही. मग झालं तेव्हा आम्ही कुणालाच लवकर सांगितलं नाही. पाचवा महिना लागल्यावर त्यानं गावी फोन केला. पलीकडून फक्त "बरं" असं आलं. पण त्याच आठवड्यात सासरे एसटीनं लातूरला आले. धोतर, सदरा, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत गूळ, खारका, डिंक. खुर्चीच्या कडेवर टेकले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. पाणी द्यावं का नको ते मला कळेना. न घेतलं तर काय करायचं, हा विचार मनात होता. शेवटी तेच म्हणाले, "पाणी दे की बाई. उन्हातनं आलोय."

मी तांब्या भरून आणला. त्यांनी घोटाघोटानं सगळं संपवलं आणि तांब्या खाली ठेवला. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना कारखाना बघायचा होता. "पोरगा काय करतो ते कदी इचारलंच न्हाई मी," म्हणाले. टोपीवर हेल्मेट घालून त्यांना प्रेस शॉपमध्ये नेलं. भट्टीचं दार वर गेलं, तापलेला ठोकळा बाहेर आला, आणि इतक्या लांबून तोंडावर झळ आली. प्रेस खाली उतरला. सासरे बघतच राहिले.

"एवढं लोखंड, आन् कणकेवानी दबून राहिलं!"

नवऱ्यानं त्यांना सांगितलं, की हे टर्बाइनचं आहे, तुमचा ऊस ज्या कारखान्याला जातो तसल्याच एका कारखान्यात बसणार.

"म्हंजी माझाच ऊस जाळायचा आन् माझ्याच पोराचं चाक फिरवायचं," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मग माझ्या विभागात आले. मी एका चकतीवर प्रोब फिरवून दाखवला. त्यांनी रेघ बघितली, माझ्या पोटाकडे बघितलं, लगेच नजर वळवली.

"बाईच्या पोटातलं बी आसंच बघत्यात न्हवं?"

"हाव मामा, तसंच."

जाताना बसमध्ये चढायच्या आधी ते मुलाला म्हणाले, पण मला ऐकू येईल अशा आवाजात, "बाळंतपण झालं की दोघींना... नायतर दोघांना घिऊन ये घरी." दोघींना की दोघांना, यावर आम्ही घरी येईपर्यंत हसत होतो.

त्याच सुमारास कारखान्याला एक नवं काम मिळालं. गरम वायूवर चालणाऱ्या टर्बाइनची चकती, निकेलच्या मिश्रधातूची. निकेलमध्ये क्रोमियम, थोडं टायटॅनियम, थोडं ॲल्युमिनियम घालून ती करतात. पोलाद जिथं हात टेकतं तितक्या उष्णतेतही ती आपली ताकद सोडत नाही. अडचणही तीच. जी उष्णतेत मऊ पडत नाही, तिला उष्णतेत घडवायचं कसं? जरा थंड झाली की काठाला चिरते. जास्त तापवली तर कणांच्या सांध्यात आतूनच वितळायला लागते. या दोन्हींच्या मधे जागा फार थोडी. नवरा म्हणायचा, "पोलाद आपल्या चुका पोटात घालतं. ही घालत न्हाई."

पहिल्या चकत्या काठाला फाटल्या. मग त्यानं साचेच आधी तापवून घेतले, ठोकळ्याला काचेच्या भुकटीचा लेप दिला आणि भट्टीपासून प्रेसपर्यंत आणताना ऊब जाऊ नये म्हणून त्याला पांढऱ्या सिरॅमिक लोकरीत गुंडाळलं. दाबायचा वेग बदलून बघितला. भराभर दाबलं की ती आत जास्त तापायची, सावकाश दाबलं की काठ गार पडायचे. घरी जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून तो तेच बोलायचा. मी ऐकायचे, आणि आत लाथ बसली की त्याचा हात धरून तिथं ठेवायचे. एकदा म्हणाला, "प्रेसचा हादरा बसतो तवा जागं होतं का गं?" मी म्हटलं, माझ्या टेबलापर्यंत हादरा येतो तेव्हा नक्की होतं.

शेवटी एक चकती काठाला कुठंही न चिरता उतरली. उष्णतेची प्रक्रिया झाली, लेथवर वरचा थर काढला, आणि ती माझ्याकडे यायची होती.

त्या सकाळी मी पात्यांची तपासणी करत होते. आठवा महिना संपत आला होता. प्रेस सुरू झाला, जमीन हलली, आणि आत काही झालं नाही. मी मनात म्हटलं, झोपलं असेल. चहा घेतला. साखर घातलेलं पाणी प्यायले. प्रथमोपचाराच्या खोलीत डाव्या कुशीवर पडून राहिले, पोटावर हात ठेवून. पोट जड होतं, पण ते जडपण वेगळं होतं, सांगता येत नाही कसं. मी त्याला निरोप धाडला. तो हेल्मेटसकट धावत आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चल."

दवाखान्यातल्या सोनोग्राफीच्या खोलीत भिंतीवर पाटी होती, इथं गर्भलिंगनिदान केलं जात नाही. त्यामुळे पडदा कायम डॉक्टरबाईंच्या बाजूला वळवलेला असायचा. आधीच्या प्रत्येक वेळी मी तिथं पडून छताकडे बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचे. या वेळी त्यांचा चेहरा एकदम कामाचा झाला. प्रोब एका जागी थांबला, सरकला, परत त्याच जागी आला. मी स्वतः असं कधी करते, ते मला माहीत आहे.

"डॉक्टर, स्क्रीन इकडं वळवा."

"तुम्ही शांत पडून राहा."

"मी रोज हेच काम करते. वळवा."

त्यांनी वळवला. माझ्या यंत्रावर नुसती रेघ असते. इथं सगळं बाळ दिसत होतं. डोकं, पाठीचा कणा, कंगव्याच्या दातांसारख्या फासळ्या. फासळ्यांच्या आत हृदय होतं, आणि ते हलत नव्हतं. मी बराच वेळ बघितलं. डॉक्टरबाईंनीही प्रोब हलवला नाही, मला बघू दिलं. मग मीच म्हणाले, "नाहीये."

त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला. तो दाराशी उभा होता. त्यानं विचारलं, "काय नाहीये?" त्यानं पुन्हा विचारलं.

कळा आणून बाळंतपण करावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जन्मली. मुलगी. काळेभोर जावळ, नखं वाढलेली, ओठ माझ्यासारखे. आई नांदेडहून आली होती. तिनं तिला पुसून पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं तिला घेतलं ते खाली ठेवलंच नाही.

डॉक्टरबाई येऊन माझ्याजवळ बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, असं का झालं ते बघायचं असेल तर बाळाची तपासणी करता येईल, शवविच्छेदन.

"कारण कळेल?" मी विचारलं.

"कळेलच असं नाही. पुष्कळदा कळत नाही."

"मला कळायला पाहिजे. करा."

"न्हाई," तो म्हणाला.

"अरे, पुढच्या वेळी..."

"पुढची वेळ घाल चुलीत. तिला कुणी हात लावायचा न्हाई."

"आत काय झालं ते कळायला नको?"

"नको." त्यानं कपडा तिच्या कपाळावर ओढून घेतला. "मला नको."

आई म्हणाली, "राहू दे बाई." माझ्यात उठून बसायचीही ताकद नव्हती. डॉक्टरबाई निघून गेल्या.

सासरे संध्याकाळच्या आत पोचले. बाहेर कुणीतरी त्यांना सांगत होतं की एवढ्या लहान बाळाला इथंच गावाबाहेर नेतात, तुम्ही काळजी करू नका, पुरायला माणूस आहे. ते आत आले आणि आईसमोर उभे राहिले.

"बाई, माझी नात हाय ती. माझ्या रानात जागा हाय. परक्या मातीत न्हाई ठिवायची तिला."

आई म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत. आम्हाला वंदना घ्यावी लागंल."

"घ्या की. मला येत न्हाई. मी उभा ऱ्हातो."

डॉक्टरबाई मला सोडायला तयार नव्हत्या. मी ऐकलं नाही. सकाळी जीप केली. औशावरून निलंग्याच्या रस्त्याला लागलो. मागच्या सीटवर मी आईच्या खांद्यावर होते आणि तो शेजारी, मांडीवर तिला घेऊन. खड्डा आला की तिच्या मानेखाली हात धरायचा. मी एकदा हात पुढं केले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि दिली. ती चाकूच्या पात्याइतकी गार असेल असं मी समजत होते, पण त्याच्या अंगाची ऊब तिच्या कपड्याला लागलेली होती.

उसाच्या फडाच्या कडेला बोरीचं झाड होतं. सासऱ्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः खड्डा खणला. काळी माती, ओली, कुदळीला चिकटणारी. आई त्रिशरण आणि पंचशील म्हणत होती, मी तिच्या मागून म्हणत होते, माझा आवाज मधेमधे जात होता. सासरे टोपी काढून हात जोडून उभे होते. माती लोटून झाल्यावर त्यांनी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि वर रचल्या. मी विचारलं, काटे कशाला? त्यांनी उत्तर द्यायच्या आधीच मला कळलं. कुत्री उकरतात.

मग घराकडे गेलो. मी दारात थांबले. आत जायचं असतं हे मला सुचलंच नाही. शेजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या. सासरे आत गेलेले परत बाहेर आले.

"भाईर का हुबी ऱ्हायलीस? आत ये. पाणी तापवलंय आंघुळीला. घर हाय तुजं."

त्या उंबऱ्याची मी किती वर्षं वाट बघितली होती. कुठली साडी नेसायची, बाळाला कुठल्या हातावर घ्यायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. मी आत गेले, न्हाणीत बसले, अंगावर पाणी घेतलं. छातीत दूध उतरलं होतं. ते पाण्याबरोबर वाहून चाललं होतं आणि थांबत नव्हतं. आईनं नंतर कापडानं छाती घट्ट आवळून बांधली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज फुटायचा नाही.

रजा संपवून मी कामावर गेले तेव्हा निकेलची चकती माझ्या टेबलाजवळ झाकून ठेवलेली होती. दुसऱ्या कुणाला तपासता आली असती, पण आमच्या कारखान्याच्या साहेबांनी माझ्यासाठी थांबवलं होतं. मी झाकण काढलं. तेल लावलं. काठापासून मध्यापर्यंत, मग उलट्या बाजूनं, मग कडेनं, बोटभर जागासुद्धा सोडली नाही. मला तिच्यात काहीतरी सापडायला हवं होतं. हे मी आज सांगू शकते. तेव्हा माझं मलाच कळलं नव्हतं. प्रत्येक वेळी रेघ सरळ जायची आणि पलीकडच्या काठावरच उसळायची. आत काहीही नव्हतं. सगळी चकती एकसारखी, घट्ट, निर्दोष.

मी प्रेस शॉपमध्ये जाऊन त्याला सांगितलं, "पास आहे. आत काही नाही."

"काही न्हाई?"

"काही नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी त्याची पाठ थोपटली. तो भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. दुपारी साहेबांनी पेढे मागवले. माझ्या हातावर पेढा ठेवला गेला आणि मी तो तसाच धरून उभी राहिले, कारण आमच्याकडे पेढे कशासाठी वाटतात ते तिथल्या प्रत्येकाला त्याच क्षणी आठवलं होतं आणि खोका कुणी पुढं नेला नव्हता.

घरी आम्ही भांडत नव्हतो. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी फक्त अधूनमधून विचारायचे, कशानं झालं असेल? नाळेनं? माझ्या रक्तदाबानं? प्रेसच्या हादऱ्यानं? डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की हादऱ्याचा काही संबंध नाही. तरी मी विचारायचे. एके दिवशी जेवताना तो ताटावरून उठला.

"तुला ती पीस वाटली का? कापून बघायला?"

मी म्हटलं, "तूच तर सगळं कापून बघायचास. कळाल्याशिवाय झोप येत नव्हती तुला."

"हाव," तो म्हणाला. "आता कशानंच येत न्हाई."

ऊसतोडीच्या वेळेला तो चार दिवस म्हणून गावी गेला. चाराचे आठ झाले, मग महिना. कारखान्याला त्यानं फोनवरूनच नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. मला सांगितलं नाही. मला साहेबांकडून कळलं. मी दर रविवारी एसटीनं निलंग्याला जायचे, तिथून गावाला. सासरे मला बघून आनंदायचे, भाकरी स्वतः थापायला बसायचे, मी त्यांना उठवायचे. तो रानात असायचा. बोरीच्या बाजूनं त्यानं दगड लावून घेतले होते. माझ्याशी नीट बोलायचा. पाणी द्यायचा, बसायला पोतं टाकायचा, परतीची बस चुकू नये म्हणून आठवण करायचा. पाहुण्याशी बोलावं तसं.

एकदा मी त्याचा हात धरला. "चल घरी. तिथं नको असेल तर दुसरीकडे नोकरी बघू. नांदेडला जाऊ."

तो मातीत काडीनं उकरत होता. मग म्हणाला, "तुझ्याकडं बघितलं की तिचं तोंड दिसतं. मी काय करू सांग."

मला तर आरशातही तेच दिसत होतं, आणि मला ते हवं होतं. त्याला ते सोसत नव्हतं. त्यानंतर माझं जाणं महिन्यावर आलं, मग सणावर.

सासरे मात्र यायचे. लातूरला दवाखान्याचं, बाजाराचं काहीतरी निमित्त काढून यायचे, डाळ ठेवायचे, चहा घ्यायचे, परत जायचे. गेल्या उन्हाळ्यात आले तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि चहाचा कप हातात घेतला.

"सूनबाई, एक बोलू?"

"बोला मामा."

"त्याची वाट बघू नको." त्यांनी कप खाली ठेवला. "मी बाप हाय त्याचा. मला दिसतंय. तो न्हाई यायचा. तुला आशा लावून ठिवणं मला पाप वाटून ऱ्हायलंय. तू शिकलेली हाईस, वय हाय तुजं. तुजं बघ."

"त्यानं सांगितलं का असं?"

"त्यो काय सांगतो! त्यो माज्यासंगट बी बोलत न्हाई. मीच सांगतो. लेकीला खोटं कसं सांगू?"

मी म्हटलं, "मग तुम्ही यायचं बंद करणार का?"

ते एकदम रडले. म्हातारा माणूस, खांद्यावरच्या पंच्यात तोंड लपवून. "पाय चालत्यात तवर येनार," म्हणाले. "मला कोन हाय दुसरं?"

मी त्यांना बसस्टँडवर सोडलं, निलंग्याच्या गाडीत खिडकीजवळची जागा धरून दिली. गाडी हलली. मी परत फिरले आणि बाजूलाच नांदेडची गाडी लागलेली दिसली. हातात पिशवी नव्हती, घराला नीट कुलूप लावलंय का तेही आठवत नव्हतं. मी चढून बसले. नांदेडला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मला आत घेतलं. मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि मोठ्यानं रडले, आवाज काढून, शेजारी ऐकतील इतकं. मुलगी जन्मली त्या दिवसापासून पहिल्यांदाच. आई डोक्यावरून हात फिरवत राहिली. वडील थोडा वेळ दारात उभे होते. मग ते बाहेरच्या खोलीत गेले आणि कारखान्यात फोन करून त्यांनी सांगितलं, की ती उद्या यायची नाही, तिला जरा राहू द्या इथं.